कावीळ उतरते ती कुणामुळे?

पावसाळ्यात आपल्या अचलपूर-परतवाड्याकडे कुणाचे डोळे पिवळे दिसले, की घरात पहिला प्रश्न निघतो, ‘माळ कुठे मिळते?’ काड्यांची ती माळ डोक्यावर घालतात. दिवसागणिक ती लांबते, गळ्यातून पोटापर्यंत येते आणि आपण म्हणतो, कावीळ उतरली. खरे तर ओल्या काड्या वाळून आकसतात, दोऱ्याच्या गाठी सैल पडतात, म्हणून माळ लांबते. पण रोगीही बरा झालेला असतो. मग त्याला बरे केले कुणी?

त्याच्याच यकृताने. दूषित पाण्यातून येणाऱ्या ‘ए’ आणि ‘ई’ विषाणूंच्या काविळीत बहुतेकांचे यकृत काही आठवड्यांत आपली झीज स्वतःच भरून काढते. १९३१ मध्ये हिगिन्स आणि अँडरसन या संशोधकांनी उंदरांचे दोन तृतीयांश यकृत कापून काढले, तरी थोड्याच दिवसांत ते जवळजवळ पूर्ववत भरले. छाटलेल्या संत्र्याला छाटल्या जागी धुमारे फुटतात. यकृताचे तसे नाही. उरलेला भागच वाढून मूळ वजनाला पोचतो.

हा निरोप पेशींना कोण देते? १९८४ मध्ये जपानच्या तोशिकाझू नाकामुरा यांना अशा उंदरांच्या रक्तद्रवात एक प्रथिन सापडले. त्याचे नाव हेपॅटोसाइट ग्रोथ फॅक्टर, म्हणजे यकृतपेशी वाढवणारा घटक. पेशीवरच्या ‘मेट’ नावाच्या कुलपात ही किल्ली बसली, की पेशी विभागू लागते. निरोप देणारे घटक इतरही आहेत, पण हा त्यांतला महत्त्वाचा. १९८९ मध्ये त्याचे जनुक हाती आले. ते हॅमस्टरच्या पेशींत घालून हे प्रथिन आता प्रयोगशाळेत बनवता येते.

मग त्याचे इंजेक्शन का मिळत नाही? एक तर ते रक्तात काही मिनिटेच टिकते. दुसरे, ‘मेट’चे हेच कुलूप अनेक कर्करोगांतही उघडे राहिलेले आढळते, वाढीचा हुकूम सोडणे सोपे, आवरणे अवघड. जपानमध्ये यकृत निकामी झालेल्या मोजक्या रुग्णांना ते देऊन पाहिले. त्यांना ते सोसले, पण त्यानेच गुण आला असे म्हणता आले नाही. काविळीवरचे औषध म्हणून ते अजून वापरात नाही.

म्हणून काविळीत आपले काम एवढेच, की यकृताला त्याचे काम करू द्यायचे. दारू बंद. अनोळखी काढे नकोत, डाग देणे तर नकोच. पाणी उकळून प्या. रक्त तपासून कावीळ कोणती ते कळू द्या, कारण ‘बी’ आणि ‘सी’ विषाणूंची कावीळ वर्षानुवर्षे आत मुरते. रोगी बरळू लागला, दिवसा गुंगीत राहून रात्री जागू लागला, हिरड्यांतून रक्त आले, उलट्या थांबेनात, तर त्याच घटकेला दवाखाना गाठा. शेवटच्या तीन महिन्यांतल्या गर्भवतीसाठी तर एवढीही वाट पाहू नका. ‘ई’ची कावीळ अशा शंभरांतल्या वीस-पंचवीस जणींच्या जिवावर बेतू शकते.

माळ घालायचीच असेल तर घाला, आजीचा जीव मोडू नका. पण ती पोटापर्यंत उतरेस्तोवर थांबू नका.