बरणीवरचे लेबल आणि त्याखालचा चिकटा

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. मोठ्या विषयावर बोलण्याचा माझा अधिकार नाही. पण अध्यक्षीणबाई म्हणाल्या, "रोज हाताखालून जाते तेच सांगा." म्हणून स्वयंपाकघरातलाच एक लहानसा विषय घेते.

आपल्या घरी मधाच्या, जॅमच्या, कॉफीच्या काचेच्या बाटल्या येतात. आतला जिन्नस संपतो, बाटली मात्र नवीकोरी राहते. ती टाकायला आपला हात धजत नाही, आणि ते योग्यच आहे. काच गंजत नाही, वास धरत नाही, आंबट-खारटाला दाद देत नाही. १९०८ साली तळेगावला पैसा फंडाचा काच कारखाना निघाला, तो लोकांकडून एकेक पैसा गोळा करून. अशी वस्तू उकिरड्यावर का जावी? अडचण असते ती एकच. वरचे लेबल अर्धे निघते, अर्धे राहते, आणि खालचा चिकटा धूळ धरून काळा होतो. अशा बाटलीत मंडळाचे लोणचे भरले, तर आतले लोणचे कितीही चांगले असो, घेणारी बाई नाक मुरडणारच.

प्रथम लेबलाची जात ओळखावी. त्यावर पाण्याचे चार थेंब टाकून थोडा वेळ थांबावे. पाणी आत मुरले तर लेबल साध्या कागदाचे. थेंब तसेच उभे राहिले तर ते प्लॅस्टिकचे किंवा वरून तुकतुकीत केलेल्या कागदाचे.

साध्या कागदाचे असेल तर बाटलीत कोमट पाणी भरावे आणि ती कोमट पाण्याच्या घमेल्यात आडवी बुडवून ठेवावी. पाण्यात चमचाभर धुण्याचा सोडा टाकावा. लेबल खळीने किंवा डिंकाने लावलेले असेल तर अर्ध्या तासात आपोआप सुटते. नाहीतर रात्रभर राहू द्यावे. कागद तुकतुकीत असेल तर आधी बोथट चमच्याने वरवर खरवडावा, म्हणजे पाणी आत शिरते.

प्लॅस्टिकच्या लेबलाला पाणी लागतच नाही, त्याला ऊब लागते. बाटलीत हाताला सोसेल इतके गरम पाणी भरून पाच मिनिटे ठेवावे. मग एक कोपरा नखाने उचलून, लेबल मागे दुमडून, सावकाश ओढावे. झटका दिला की ते फाटते. उन्हाळ्यात गच्चीवर दुपारभर उन्हात ठेवले तरी हेच काम होते. मात्र गार बाटलीत उकळते पाणी कधीही ओतू नये. आतली बाजू एकदम फुगते, बाहेरची गारच राहते, आणि जाड बूड तडकते.

आता राहिला चिकटा. पुष्कळ बायका इथेच हात टेकतात. साबण लावतात, घासघास घासतात, तरी बोट चिकटतेच. याचे कारण आपल्याला फणसाने केव्हाच शिकवले आहे. फणस कापायला बसताना आपण हाताला आणि विळीला आधी तेल लावतो. का? तर फणसाचा चीक पाण्याला हार जात नाही, तेलाला जातो. हल्लीच्या लेबलांचा चिकटाही रबराच्या, राळेच्या जातीचा असतो, म्हणजे त्या चिकाचाच भाऊबंद. त्याला पाणी काय करणार?

म्हणून एक चमचा तेल आणि एक चमचा खाण्याचा सोडा कालवून तो लेप चिकट्यावर थापावा आणि अर्धा तास विसरून जावे. तेल खोबरेल असो, गोडे असो, तळणीतून उरलेले असो, सारखेच. तेलाने चिकटा सैल होतो, सोड्याच्या बारीक कणांनी तो सुटून येतो. मग जुन्या फडक्याने किंवा काथ्याने गोल गोल घासावे. फारच हट्टी असेल तर कापसावर निलगिरीच्या तेलाचे चार थेंब घेऊन पुसावे. शेवटी साबण आणि गरम पाण्याने दोनदा धुवावे. तेलाचा हात राहिला तर नवी चिठ्ठी चिकटणार नाही. धुतल्यावर दिवसभर उन्हात वाळवावे, कारण लोणच्याचा वैरी बुरशी, आणि बुरशीचे माहेर ओलावा.

तारेचा ब्रश, ब्लेड वापरू नये. काचेवर ओरखडे पडतात, त्यांत मळ बसतो आणि काचही अशक्त होते. रॉकेलने चिकटा निघतो खरा, पण खाण्याच्या भांड्याला ते नको आणि शेगडीजवळ तर नकोच. पत्र्याचे झाकण मिठाने आणि आंबटाने गंजते, तेव्हा लोणच्याला ते लावू नये.

आता जे सांगते, ते सर्वांत महत्त्वाचे. फिनेल, ॲसिड, शेतातली औषधे यांच्या बाटल्या कितीही धुतल्या तरी खाण्याच्या कामी घेऊ नयेत. त्यांचे लेबलही काढू नये. आणि उलटही करू नये. आमच्या पलीकडच्या आळीत सरबताच्या स्वच्छ बाटलीत कोणी रॉकेल भरून ठेवले होते. चार वर्षांच्या मुलाने ते सरबत समजून तोंडाला लावले. घाबरून घरच्यांनी त्याच्या घशात बोट घातले. त्याने आणखी वाईट झाले, कारण उलटीवाटे रॉकेल फुप्फुसात जाते. मूल वाचले, पण कित्येक दिवस दवाखान्यात होते. असे घडले तर उलटी करवू नये. बाटली बरोबर घेऊन तडक दवाखाना गाठावा. डॉक्टर आधी विचारतात, "काय प्याला?" त्याचे उत्तर त्या लेबलावर असते.

तेव्हा भगिनींनो, जुने लेबल काढले की त्याच दिवशी नवे लावा. जिन्नसाचे नाव, महिना आणि साल लिहा. चिठ्ठी साध्या कागदाची असावी आणि कणकेच्या किंवा भाताच्या खळीने चिकटवावी. पुढच्या वर्षी ती बरणी ज्या सुनेच्या किंवा लेकीच्या हाती जाईल, तिला चिठ्ठी काढताना नुसते पाणी पुरेल.

यंदाच्या लोणच्यांसाठी प्रत्येकीने अशा दोन-दोन बाटल्या स्वच्छ करून मंडळात आणाव्यात, एवढी विनंती करते.