भिंतीवर कोण, आणि कोणाच्या नजरेसमोर?

(फोटोप्रदर्शनाची तयारी करणाऱ्या कार्यकर्त्यांच्या शिबिरातील भाषण, थोडे संक्षिप्त करून.)



दालन मिळाले, फोटो मोठे करून आले, आता फक्त खिळे ठोकायचे राहिले असे आपल्याला वाटते. पण खिळा कुठे ठोकायचा हा प्रश्न जितका सुताराचा, तितकाच चळवळीचाही आहे. म्हणून मी आज संमतीविषयीही बोलणार आहे आणि टेपने मोजण्याविषयीही.

आधी संमती. मोर्चात बाईने फोटो काढू दिला, म्हणजे तो तिच्याच तालुक्याच्या गावी भिंतीवर लावायला ती तयार आहे असे नाही. मुंबईत जो फोटो तिला अभिमानाचा वाटेल, तोच सासरच्या गावी तिला घराबाहेर काढायचे निमित्त ठरू शकतो. म्हणून प्रत्येक ठिकाणासाठी वेगळे विचारावे, फोटो तिच्या हातात देऊन विचारावे. ती ‘नको’ म्हणाली तर कारण मागू नये. आज प्रेक्षकाच्या हातात मोबाईल असतो. दालनातला फोटो संध्याकाळपर्यंत तिच्या गावी पोचू शकतो, हेही तिला सांगायला हवे.

बलात्कार झालेल्या स्त्रीची ओळख उघड करणे हा १९८३ पासून गुन्हा आहे. तेव्हाचे भारतीय दंड संहितेतले २२८-अ हे कलम १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत ७२ व्या क्रमांकावर आले आहे. नाव गाळले, पण घराचे दार किंवा गल्ली दिसली, तर ओळख पटतेच. आणि डोळ्यांवर काळी पट्टी मारू नका. त्याने तिचीच काही चूक असल्यासारखे दिसते. त्यापेक्षा तो फोटो न लावलेला बरा.

आता फोटोखालची ओळ. ‘एक पीडित महिला’, ‘आदिवासी स्त्री, वय अंदाजे ४०’ असे आपण किती सहज लिहितो! पुढाऱ्याचे मात्र नाव, हुद्दा, सगळे येते. जिची संमती आहे तिचे पूर्ण नाव, गाव आणि ती काय करते ते लिहा. फोटो काढणारीचेही नाव लिहा. भारतातल्या पहिल्या स्त्री वृत्तछायाचित्रकार होमाई व्यारावाला यांचे सुरुवातीचे फोटो त्यांच्या पतीच्या नावावर छापले जात, हे विसरू नये.

शीबा छाछी यांनी १९८० च्या दशकात दिल्लीतल्या हुंडाविरोधी आंदोलनाचे फोटो काढले. पुढे त्यांना एवढे पुरेसे वाटेना. मग त्यांनी सात स्त्री-कार्यकर्त्यांबरोबर मिळून त्यांचे फोटो काढले. कुठे बसायचे, जवळ काय ठेवायचे हे त्या बायकांनीही ठरवले. ‘सेव्हन लाइव्ह्ज अँड अ ड्रीम’ या मालिकेतून आपण शिकावे ते हे, की फोटोतली बाई ही पुराव्याची वस्तू नाही, ती सहभागी आहे.

आता भिंत. दालनांत फोटोचा मध्य जमिनीपासून साधारण ५७ ते ६० इंचांवर धरतात. आपल्याकडे येणारी बाई बहुधा पाच फुटांच्या आसपासची, बरोबर मुले, एखादी चाकाच्या खुर्चीत. म्हणून माझे म्हणणे, मध्य ५४ इंचांवर घ्या. हिशेब सोपा आहे. मध्याच्या उंचीत चौकटीची अर्धी उंची मिळवायची आणि मागची तार ताणल्यावर वरच्या कडेपासून जितकी खाली येते तितके वजा करायचे. चौकट २० इंच उंच, तार ३ इंच खाली: ५४ अधिक १० वजा ३, म्हणजे खिळा ६१ इंचांवर.

वीस फुटी भिंतीवर १६ इंच रुंदीच्या चौकटी ८ इंच अंतराने लावल्या तर दहाच बसतात. अकरावी कोंबू नका. आधी सगळे फोटो सतरंजीवर मांडा, सगळ्याजणी मिळून क्रम ठरवा. जखमांचे फोटो ओळीने लावले तर चौथ्या फोटोपाशी बघणारी मान फिरवते. त्यांच्यामध्ये त्याच बाईचा कामाचा, हसण्याचा, सभेत बोलण्याचा फोटो हवा.

काचेचा फोटो खिडकीसमोर नको, त्यात बघणारीला स्वतःचाच चेहरा दिसतो. दिवा वरून, भिंतीशी साधारण ३० अंशांच्या कोनात येऊ द्या. जुन्या मूळ प्रती कपाटात ठेवा आणि भिंतीवर नव्या प्रती लावा, कारण उजेडाने फोटो विटतो, आणि चिकटपट्टीचे डाग निघत नाहीत.

ओळी ठळक, काळ्या अक्षरांत, पांढऱ्या कागदावर असाव्यात. पण जिला वाचता येत नाही तिच्यासाठी प्रत्येक भिंतीपाशी एक कार्यकर्ती उभी हवी. तिने भाषण करू नये. ओळ वाचून दाखवावी आणि मग ऐकावे. बघणाऱ्या बायका काय बोलतात ते वहीत टिपावे. पुढच्या प्रदर्शनाची तयारी तिथूनच होते.

आणि उद्घाटनाला पाहुणे बोलावण्याआधी एक दिवस फोटोतल्या बायकांसाठी ठेवा. जाण्यायेण्याचे भाडे संघटनेने द्यावे. त्यांनी फिरून पाहावे आणि एखादा फोटो काढा म्हणाल्या, तर तिथल्या तिथे काढावा. भिंतीवर रिकामी जागा राहिली तरी चालेल.