एक तालुका, एक पक्ष, अकरा निवडणुका
(गणपतराव देशमुख यांच्या विधिमंडळातील कारकिर्दीवरील भाषणाचा मजकूर)

एखादा आमदार वारंवार निवडून येतो, एवढ्यावरून त्याचा गौरव करण्याचे कारण नाही. साखर कारखाना, जिल्हा बँक आणि शिक्षणसंस्था ही तीन ठाणी ताब्यात असली म्हणजे मतदारसंघ वतनासारखा पिढ्यान्‌पिढ्या चालविता येतो, हे महाराष्ट्राने पुष्कळ पाहिले आहे. म्हणून सांगोल्याचे गणपतराव देशमुख विधानसभेवर अकरा वेळा निवडून गेले, एवढे सांगून त्यांच्या कारकिर्दीचे मोल कळत नाही. विचारावयाचा प्रश्न निराळा आहे. ज्या पक्षाला राज्याची सत्ता स्वबळावर कधी मिळाली नाही व मिळण्याची आशाही पुढे उरली नाही, त्या पक्षाच्या माणसाला एका दुष्काळी तालुक्याने सुमारे पन्नास वर्षे मुंबईला का पाठविले? आणि त्या पाठविण्यातून तालुक्याच्या पदरात काय पडले?

प्रथम हिशेब पाहू. देशमुखांनी पहिली निवडणूक जिंकली ती १९६२ साली. त्यानंतर १९६७, १९७४ ची पोटनिवडणूक, १९७८, १९८०, १९८५, १९९०, १९९९, २००४, २००९ आणि २०१४. मध्ये दोन पराभव आहेत, १९७२ चा आणि १९९५ चा. त्यांपैकी दुसरा अवघ्या १९२ मतांनी झाला. २०१९ च्या निवडणुकीत ते उभे राहिले नाहीत, आणि ३० जुलै २०२१ रोजी सोलापुरात त्यांचे निधन झाले. ह्या साऱ्या निवडणुका त्यांनी शेतकरी कामगार पक्षाच्या वतीने लढविल्या. विजयांइतकेच ह्या दोन पराभवांकडेही लक्ष दिले पाहिजे. सांगोल्याचा मतदार बांधलेला नव्हता. त्याला आपला आमदार पाडता येत होता आणि त्याने तो दोनदा पाडला. दोन्ही वेळा त्याने पुन्हा त्यालाच बोलावले, ते विचार करून बोलावले असेच म्हटले पाहिजे.

ज्या पक्षात हे आयुष्य गेले त्याचा इतिहास ध्यानात घेतल्यावाचून ह्या निष्ठेची किंमत कळणार नाही. काँग्रेसमधील बहुजन समाजाच्या कार्यकर्त्यांना भांडवलदार आणि सावकार यांच्या हातून शेतकऱ्यांचे राज्य येईल असा भरवसा उरला नाही, तेव्हा स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर शेतकरी कामगार पक्ष जन्मास आला. शंकरराव मोरे आणि केशवराव जेधे ही त्याच्या आरंभीची ठळक नावे. १९५० च्या दाभाडी प्रबंधाने पक्षाने मार्क्सवादाची वाट स्वीकारली. पण पुढच्या चार-पाच वर्षांतच जेधे आणि मोरे दोघेही काँग्रेसमध्ये परतले. संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलनाने पक्षाला नवे बळ दिले खरे. परंतु १९६० मध्ये राज्य मिळताच यशवंतराव चव्हाणांचे बेरजेचे राजकारण सुरू झाले, आणि ह्या बेरजेतील बऱ्याचशा संख्या शेतकरी कामगार पक्षाच्या खात्यातून वजा होत गेल्या. ग्रामीण भागातील होतकरू कार्यकर्त्यापुढे जिल्हा परिषद आणि सहकारी संस्था यांची दारे एकाच वेळी उघडली होती, व त्या दारांवर काँग्रेसची पाटी होती.

देशमुख पहिल्यांदा विधानसभेत गेले ते नेमके ह्याच काळात. वारा ज्या दिशेने वाहत होता तिच्या उलट ते निघाले होते. धनगर समाजात जन्मलेला, वकिलीचे शिक्षण घेतलेला हा तरुण काँग्रेसला खचितच हवासा वाटला असता. १९६२ साली विधानसभेत पक्षाचे १५ सदस्य होते आणि विरोधी पक्षनेतेपद कृष्णराव धुळप यांच्याकडे होते. १९६७ मध्ये ही संख्या १९ वर गेली, १९७२ मध्ये ७ वर आली. पुढे चढउतार होत होत १९९९ मध्ये ती ५ झाली आणि २०१४ मध्ये, देशमुख अकराव्यांदा निवडून आले तेव्हा, ३ वर आली. म्हणजे सभागृहात त्यांचे वय आणि मान वाढत होता, आणि त्यांच्या भोवतीची बाके रिकामी होत होती.

आता तालुक्याकडे वळू. सोलापूर जिल्ह्याच्या नैर्ऋत्य टोकाला, सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत सांगोला वसले आहे. माण नदी वर्षातील बहुतेक काळ वाळूची असते. शेजारच्या माळशिरस आणि पंढरपुरात कालवे गेले, ऊस आला, कारखाने आले आणि त्यांच्या मागोमाग कारखान्यांचे राजकारण आले. सांगोल्याच्या वाट्याला मेंढ्या, खिलार जनावरे, ज्वारी-बाजरीची कोरडवाहू शेती आणि दर दोन-तीन वर्षांनी येणारी टंचाई आली. अशा तालुक्याला आमदार हवा असतो तो लग्नकार्यात मिरविण्यासाठी नव्हे. चारा कधी येणार, काम कधी निघणार आणि पाणी कोठून येणार हे तीन प्रश्न मुंबईत जाऊन विचारणारा आणि उत्तर मिळेपर्यंत विचारीत राहणारा माणूस त्याला हवा असतो.

हे विचारीत राहणे दिसते तितके सोपे नाही. सरकार पक्षाच्या आमदाराला मंत्र्याच्या दालनात जाऊन काम करून घेता येते. विरोधी बाकावरच्या सदस्यापाशी नियमपुस्तिका असते. तारांकित प्रश्न टाकावयाचा, उत्तर अपुरे आले तर उपप्रश्नांनी मंत्र्याला बोलते करावयाचे, तेवढ्याने भागले नाही तर अर्ध्या तासाची चर्चा मागावयाची, लक्षवेधी सूचना द्यावयाची, अर्थसंकल्पातील मागण्यांवर कपातसूचना मांडावयाची, ही त्याची अवजारे. ह्या अवजारांनी एका दिवसात काही होत नाही. मंत्री सभागृहात ‘तपासून पाहू’ असे म्हणतात आणि पुढच्या अधिवेशनापर्यंत मंत्रीही बदलतात, सचिवही बदलतात. पाच वर्षांपूर्वी दिलेले आश्वासन कोणाच्याच स्मरणात राहत नाही. अशा वेळी ज्याला ते आश्वासन ठाऊक आहे, ते कोणत्या मंत्र्याने कोणत्या अधिवेशनात दिले हे जो उठून सांगू शकतो, असा एक सदस्य सभागृहात असणे हीच मोठी ताकद ठरते. दीर्घ कारकिर्दीचा खरा उपयोग हा आहे. शासनाला विसरण्याची सोय असते. देशमुखांसारखा सदस्य समोर बसलेला असला म्हणजे ती सोय राहत नाही.

कामाचा हक्क आणि पाणी ह्या दोन प्रश्नांवरून हे स्पष्ट होईल. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रातील लक्षावधी माणसे खडी फोडण्याच्या कामावर गेली. त्या अनुभवातून रोजगार हमी योजना आकारास आली, तिला १९७७ च्या कायद्याचा आधार मिळाला, आणि तो कायदा २६ जानेवारी १९७९ रोजी अमलात आला. मागेल त्याला काम हे दुष्काळात वाटलेले दान न राहता कायद्याने मागता येणारी वस्तू झाली. त्या दिवशी राज्यावर शरद पवारांचे पुरोगामी लोकशाही दलाचे सरकार होते, आणि देशमुख त्या मंत्रिमंडळाचे सदस्य होते. कायद्याचे श्रेय कोणा एकाचे नाही. वि. स. पागे यांच्यापासून दुष्काळी भागात मोर्चे काढणाऱ्या डाव्या पक्षांपर्यंत ते पुष्कळांचे आहे. पण सांगोल्यासारख्या तालुक्यात ह्या कायद्याचे पुढे काय झाले ते पाहण्याजोगे आहे. १९९० नंतर फळबाग लागवड रोजगार हमीशी जोडली गेली, आणि ज्या माळावर कुसळे उगवत तेथे डाळिंब उभे राहिले. २८ डिसेंबर २०२० रोजी देशातील शंभरावी किसान रेल्वे निघाली ती सांगोल्याहून पश्चिम बंगालमधील शालिमारला. दुष्काळी तालुक्याच्या स्थानकावरून फळांची गाडी बंगालात जाते, ह्यामागे शेतकऱ्याचे कष्ट तर आहेतच. शिवाय सार्वजनिक पैसा योग्य ठिकाणी लावण्याचे धोरणही आहे.

पाण्याचा प्रश्न ह्याहून अवघड होता. कृष्णा खोऱ्यातील पाण्याचे वाटप बच्छावत लवादाने केले आणि महाराष्ट्राच्या वाट्याला ५६० अब्ज घनफूट पाणी आले. परंतु कागदावर मिळालेले पाणी सांगोल्याच्या शिवारात येण्यासाठी ते नदीतून उचलून, टप्प्याटप्प्याने चढवून, डोंगर ओलांडून आणावे लागणार होते. हे अव्यवहार्य आहे असे सांगणारे पुष्कळ होते. नव्वदच्या दशकाच्या आरंभापासून आटपाडीला दुष्काळी तालुक्यांच्या पाणी परिषदा भरू लागल्या. क्रांतिवीर नागनाथअण्णा नायकवडी, भारत पाटणकर आणि गणपतराव देशमुख ही त्यांतील प्रमुख मंडळी. कोरडवाहू शेतकरी हजारोंनी एकत्र जमून हक्काच्या पाण्याचा ठराव करीत, आणि तो ठराव पुढच्या वर्षीच्या परिषदेत पुन्हा तपासला जाई. १९९६ मध्ये कृष्णा खोरे विकास महामंडळ स्थापन झाले, टेंभू योजनेला मान्यता मिळाली. त्या वेळी देशमुख सभागृहात नव्हते, १९२ मतांनी पडलेले होते. सभागृहातील प्रश्न आणि सभागृहाबाहेरील चळवळ हे एकाच कामाचे दोन हात आहेत, हे ह्यावरून दिसते. एक हात काही काळ निकामी झाला तरी दुसरा चालू राहिला. पुढे टेंभू आणि म्हैसाळ ह्या दोन्ही योजनांच्या लाभक्षेत्रात सांगोल्याचे नाव राहिले, पाणी उशिराने व तुटकपणे का होईना येऊ लागले, आणि त्याचबरोबर पाणी समन्यायाने वाटले जावे ही मागणीही पुढे आली.

तालुक्यात उभारलेल्या शेतकरी सहकारी सूतगिरणीचाही उल्लेख केला पाहिजे. सांगोला हा कापसाचा मुलूख नाही. तरीही गिरणी चालली आणि शेतावर भागत नसलेल्या घरांतील मुलांना गावाजवळ काम मिळाले. सहकार म्हटला की साखरसम्राट आठवावा अशी ज्या राज्याची स्थिती झाली, तेथे सहकारी संस्था उभारणारा माणूस अखेरपर्यंत एस.टी.ने प्रवास करणारा म्हणून ओळखला जातो, ही गोष्ट साधेपणाच्या कौतुकापलीकडची आहे. संस्था माणसासाठी नसून माणूस संस्थेसाठी आहे, हे लोकांना त्यातून दिसत होते.

मंत्रिपद त्यांना दोनदा मिळाले, १९७८ च्या आघाडीत आणि १९९९ च्या आघाडीत. दुसऱ्या वेळी २००२ मध्ये पक्षाने पाठिंबा काढून घेताच ते पद सुटले. पक्ष सोडून पद राखण्याची युक्ती महाराष्ट्रात तेव्हाही अपरिचित नव्हती. पक्षांतरबंदीचा कायदा १९८५ पासून आहे आणि २००३ मध्ये तो अधिक कडक झाला; पण कायदा फार तर जाणाऱ्याला दंड करील, राहणाऱ्याला तो घडवू शकत नाही. ह्या संदर्भात एक गोष्ट नमूद करावी लागते. देशमुखांनंतर २०१९ मध्ये अवघ्या ७६८ मतांनी सांगोल्याची जागा जिंकणारे शिवसेनेचे शहाजीबापू पाटील २०२२ च्या जूनमध्ये पक्षातील बंडात सामील होऊन गुवाहाटीला गेले. मतदारसंघ एकच, आमदार होण्याचा अर्थ मात्र दोन पिढ्यांत किती पालटला, हे ह्यावरून उमगावे.

मित्रहो, ह्या कारकिर्दीची दुसरी बाजूही मांडली पाहिजे. एका मतदारसंघात पन्नास वर्षे लाल बावटा फडकत राहिला, पण शेजारच्या तालुक्यांत तो का रोवला गेला नाही? सांगोल्याचा शेतकरी शेतकरी कामगार पक्षाला मत देत होता की आबासाहेबांना? २०१९ मध्ये पक्षाने उमेदवारी दिली ती त्यांच्या नातवाला, आणि २०२४ मध्ये ही जागा पक्षाकडे परत आणली तीही त्यांच्या दुसऱ्या नातवाने, बाबासाहेब देशमुख यांनी. त्यांच्या योग्यतेविषयी शंका घेण्याचे कारण नाही, आणि लोकांनी त्यांना निवडले आहे. तथापि घराणेशाहीवर टीका करीत जन्मलेल्या पक्षाला अर्धशतकानंतर घराबाहेरचा वारस उभा करता येऊ नये, ही गोष्ट त्या पक्षाने आणि सर्वच डाव्या-समाजवादी पक्षांनी मनाला लावून घ्यावी अशी आहे. डाळिंबाच्या बागा फुलल्या, पण ज्याला जमीनच नाही त्याला पाणी आले काय आणि न आले काय, हाही प्रश्न शिल्लक आहे. पाणी परिषदेने भूमिहीनाच्या पाण्याचा हक्क उच्चारला. तो अमलात आणणे राहिले आहे.

म्हणून ह्या कारकिर्दीतून घ्यावयाचा धडा असा. एका माणसाच्या स्मरणात साठलेली आश्वासने, ठराव आणि हिशेब त्या माणसाबरोबर संपतात. सांगोल्याच्या मतदाराने अकरा वेळा जो माणूस पाठविला, तो शासनाला विसरू देत नव्हता म्हणून पाठविला. आता हे न विसरण्याचे काम गावोगावच्या कार्यकर्त्यांकडे आले आहे. कोणत्या योजनेचे पाणी कोणत्या शिवारात यावयाचे ठरले होते, ते आले का, आले तर कोणाला मिळाले, रोजगार हमीची मागणी किती जणांनी नोंदविली आणि काम किती जणांना मिळाले, ह्याची वही प्रत्येक गावात लिहिली गेली पाहिजे. ती वही घेऊन कोणताही कार्यकर्ता तहसील कचेरीत उभा राहू शकला, तर सांगोल्याने पन्नास वर्षांत कमावलेली ताकद टिकेल आणि शेजारच्या तालुक्यांतही पोचेल. ती वही कोणी लिहिली नाही, तर अकरा निवडणुकांचा हा विक्रम तेवढा पुस्तकात राहील, आणि माणच्या पात्रात वाळू.