मडके वाजवून घ्यावे



बाजारात मडके घेताना गिऱ्हाईक ते बोटाने वाजवून पाहते. डोळ्यांना न दिसणारी चीर कानाला कळते, हे ज्ञान आपल्या घरोघर आहे. आज आम्ही ज्या यंत्रांविषयी बोलणार आहोत, ती शहराचे नळ आणि पूल अशाच रीतीने वाजवून पाहतात. मात्र ती झोपत नाहीत आणि कंटाळतही नाहीत.

जमिनीखालच्या नळाचे उदाहरण घ्या. फुटक्या जागेतून दाबाखालचे पाणी बाहेर पडताना आवाज होतो आणि तो नळातून दोन्ही दिशांना धावतो. पूर्वी रात्री रहदारी थांबल्यावर कामगार सळईचे एक टोक झडपेवर आणि दुसरे कानाला लावून तो ऐकत असे. आता दोन झडपांवर दोन श्रवणयंत्रे बसवतात. गळतीचा आवाज जवळच्या यंत्राला आधी आणि दूरच्याला मागाहून पोचतो. नळातील ध्वनीचा वेग ठाऊक असला, म्हणजे त्या क्षणमात्र फरकावरून कोठे खणावे ते गणिताने निघते. सारा रस्ता उखडण्याऐवजी एका खड्ड्यात काम भागते. बिडाच्या नळात ही युक्ती चांगली चालते. प्लास्टिकच्या नळात आवाज लवकर विरतो, म्हणून यंत्रे जवळजवळ बसवावी लागतात.

पुलाचेही तसेच आहे. वाहने गेली की पूल सूक्ष्मपणे थरथरतो आणि त्या थरथरण्याला एक ठरलेली लय असते. पुलाला इजा झाली की ती लय बदलते. पण ती थंडीउन्हानेही बदलते. स्वित्झर्लंडमधील झेड-२४ नावाचा पूल १९९८ साली पाडावयाचाच होता. संशोधकांनी त्याआधी जवळजवळ वर्षभर त्याची नाडी मोजली आणि मग मुद्दाम त्याला इजा करून पाहिली. कडाक्याच्या थंडीत वरचे डांबर ताठ होई आणि पूल अधिक बळकट झाल्यासारखा भासे. तेव्हा यंत्राला आधी सगळे ऋतू दाखवावे लागतात. मगच दुखणे कोणते आणि हवापालट कोणता, हा भेद त्याला करता येतो.

येथवर यंत्राची थोरवी झाली. आता त्याची मर्यादा सांगतो.

यंत्र कालच्याशी आजची तुलना करते. पण दोष जन्मापासूनचाच असेल तर? अमेरिकेत मिनिआपोलिस येथील मिसिसिपी नदीवरचा एक पूल १९६७ पासून वापरात होता. १ ऑगस्ट २००७ रोजी सायंकाळी, ऐन गर्दीच्या वेळी, तो कोसळला आणि १३ माणसे प्राणास मुकली. चौकशीत निघाले की, तुळयांच्या सांध्यांवरचे काही पोलादी पत्रे मूळ आराखड्यातच हवे त्याच्या सुमारे निम्म्या जाडीचे धरले गेले होते. पुलाची तपासणी नियमाने होत होती. त्यांतले काही पत्रे वाकलेले आहेत, हे २००३ च्या छायाचित्रांत दिसत होते. पण ते वाकणे म्हणजे दुबळेपणाचे लक्षण, हा अर्थ कोणी लावला नाही.

त्याच नदीवर दक्षिणेला मेम्फिस येथे, ११ मे २०२१ रोजी तपासणी पथकाला पुलाच्या पोलादी तुळईत मोठी भेग दिसली. पथकाने आपत्कालीन दूरध्वनी करून वाहतूक तत्काळ थांबवावयास सांगितले. पूल पूर्णपणे खुला झाला तो ऑगस्टच्या आरंभी. गैरसोय अतोनात झाली, जीव मात्र एकाचाही गेला नाही. मागाहून कळले की, ड्रोनने २०१९ मध्ये घेतलेल्या चित्रफितीत ती भेग होतीच. यंत्राने टिपली होती, माणसाने पाहिली नव्हती.

हा प्रश्न परक्या नद्यांपुरता नाही. महाडजवळचा सावित्रीवरील पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री पुरात कोसळला, ती आठवण आपणांपैकी पुष्कळांना असेल. म्हणून आमचे म्हणणे असे की, यंत्र विकत घेण्यापूर्वी तीन प्रश्नांची उत्तरे लेखी असावीत. इशारा आला तर तो कोण वाचणार? पूल बंद करण्याचा अधिकार कोणाला आणि किती वेळात? आणि तो अहवाल नागरिकांना पाहावयास मिळणार की नाही?

चौथा प्रश्न आपण स्वतःला विचारावयाचा आहे. पूल बंद झाला की वळसा घालताना अधिकाऱ्याला बोल लावणारे आपणच असतो आणि पूल उभा राहिला की ‘उगीच बंद केला’ असे म्हणणारेही आपणच. ज्याने दुर्घटना टाळली, त्याच्यापाशी दाखवावयास काहीच नसते. त्याच्या पाठीशी समाज उभा राहिला नाही, तर पुढच्या वेळी तो इशारा फायलीतच राहील.

मडके वाजवले आणि बद्द आवाज आला, तर ते खाली ठेवावे लागते. नुसते वाजवून घरी आणणाऱ्याच्या घरात पाणी टिकत नाही.