सोर नगरीचा बांध



आपलें सोलापूर मागांचें नगर. म्हणून जांभळ्या रंगाच्या वस्त्रांवर श्रीमंत झालेल्या सोर नगरीची कथा आपणांस परकी वाटूं नये. बेटावरील ही नगरी उघडा खडक होईल, तिचे दगड, लांकूड व माती पाण्यांत टाकतील, ती पुन्हां बांधली जाणार नाहीं, असें यहेज्केल संदेष्ट्यानें सांगितलें. नबुखद्रेस्सरानें तेरा वर्षें वेढा दिला. परंतु श्रमांच्या मानानें त्यास कांहींच लाभलें नाहीं, आणि हें यहेज्केलानेंच २९ व्या अध्यायांत लिहून ठेविलें आहे! मला तर या प्रांजळपणाचेंच नवल वाटतें. पुढें इ. स. पू. ३३२ मध्यें शिकंदरानें किनाऱ्यावरील जुन्या नगराचे दगडधोंडे समुद्रांत लोटून बेटापर्यंत बांध घातला व सात महिन्यांच्या वेढ्यानंतर सोर घेतलें. त्या बांधास वाळू लागून बेट किनाऱ्यास जोडलें गेलें, तें लेबानॉन देशांत आजही तसेंच आहे.

नगर मात्र पुन्हां वसलें. टीकाकार यावर बोट ठेवितात. त्यांस घाईनें उत्तर देण्याची मला इच्छा नाहीं. पण त्याच सोरच्या प्रांतांत प्रभु येशूनें एका कनानी मातेच्या मुलीस बरें केलें, आणि संत पौल यरुशलेमेस जातांना तेथील शिष्यांजवळ सात दिवस राहिला.