जहाजावरील ‘हमीची खोली’

व्यवहारांत ‘हमी’ हा शब्द कानीं पडला कीं माणूस निश्चिंत होतो. सराफानें कसाची हमी दिली किंवा बियाणें विकणारानें उगवणीची हमी दिली, म्हणजे पैशाच्या मोबदल्यांत काय पदरांत पडणार हें ठरलेलें असतें. समुद्रावरील सहलीच्या जहाजांवर मात्र ह्याच नांवाची एक विक्रीची पद्धत आहे, आणि तिच्यांत उतारूला कोणती खोली मिळणार एवढेंच नेमकें ठरलेलें नसतें. इंग्रजींत तिला ‘गॅरंटी केबिन’ म्हणतात. तिकिटावर खोलीचा क्रमांक जेथें असावयाचा तेथें ‘जीटीवाय’ हीं तीन अक्षरें येतात. मुलांकडे सिंगापूरला किंवा अमेरिकेला गेलेले आईवडील तेथून चार-आठ दिवसांची समुद्रसफर करून येतात, ही गोष्ट आज पुण्यामुंबईच्या घरांत नवलाची राहिलेली नाहीं. तिकीट पुष्कळदां मुलानेंच काढलेलें असतें; स्वस्त पडतें म्हणून हमीचें काढलेलें असतें; आणि त्या स्वस्ताईपायीं काय सोडून दिलें हें आईवडिलांना जहाजावर पाऊल ठेवल्यावर कळतें. तें आधीं कळलेलें बरें.

ह्या जहाजांवरील खोल्यांच्या मुख्य जाती चार. जहाजाच्या पोटांतील, खिडकी नसलेली आंतली खोली. समुद्राकडे बंद खिडकी असलेली बाहेरची खोली. स्वतंत्र सज्जा असलेली खोली. आणि दिवाणखान्यासह ऐसपैस ‘स्वीट’. भाडें सामान्यतः ह्याच क्रमानें चढत जातें. परंतु प्रत्येक जातींत पुन्हां पोटजाती असतात. मजला कितवा, खोली जहाजाच्या नाळेकडे कीं मधोमध, खिडकीसमोर जीवरक्षक होडी टांगलेली आहे कीं मोकळें पाणी आहे, अशा बारीकसारीक भेदांवरून दर ठरतात. जानेवारी २०२४ मध्यें मायामीहून पहिल्या सफरीस निघालेल्या ‘आयकॉन ऑफ द सीज’ ह्या एकाच जहाजावर २,८०५ खोल्या आहेत. एवढा मोठा पट सफरीच्या कितीतरी महिने आधीं विक्रीस मांडलेला असतो, आणि ज्याला जी खोली पसंत पडेल ती तो नकाशावर बोट ठेवून घेऊं शकतो. त्या बोट ठेवण्याचे थोडे पैसे पडतात.

हमीचा उतारू बोट ठेवीत नाहीं. तो फक्त जात विकत घेतो. कंपनी त्याला एवढेंच वचन देते कीं, ह्या जातीची खोली नक्की मिळेल, वरची मिळूं शकेल, खालची मिळणार नाहीं. क्रमांक कंपनीच्या सोयीनें ठरतो. कधीं तिकीट काढल्यावर आठवड्याभरांत, तर कधीं जहाज सुटण्याच्या आदल्या दिवशीं. एम. एस. सी. कंपनीनें आपल्या ‘बेला’ नांवाच्या सर्वांत उतरत्या दरांत हीच पद्धत ठेवली. नॉर्वेजियन कंपनीनें तिला ‘सेल अवे’ असें गोंडस नांव दिलें. आपल्याकडेही ही कल्पना अगदींच अनोळखी नाहीं. रेल्वेच्या वातानुकूलित पहिल्या वर्गाचें तिकीट पक्कें झालें तरी त्यावर कूपेचा क्रमांक नसतो. गाडीचा तक्ता तयार होतो तेव्हां तो कळतो. फरक इतकाच कीं, रेल्वेंतील गैरसोयीची रात्र सकाळीं संपते, आणि जहाजावरची खोली सात-सात रात्री सोबतीला असते.

कंपनीला ह्यांत काय मिळतें? जहाज धक्क्यापासून सुटलें कीं रिकाम्या राहिलेल्या खोलीची किंमत शून्य होते; ती नंतर कोणालाही विकतां येत नाहीं. म्हणून कंपनीची सारी धडपड शेवटची खोली भरण्याची असते. पण पट स्थिर राहत नाहीं. उरलेली रक्कम भरण्याची मुदत साधारणतः सफरीपूर्वीं अडीच ते चार महिने असते. तोंवर बेत बदलल्यास पुष्कळ दरांत फारसें नुकसान होत नाहीं. त्यामुळें त्या मुदतीच्या सुमारास पटावरच्या बऱ्याच सोंगट्या एकदम उठतात. ह्या मजल्यावर एक खोली मोकळी होते, त्या कोपऱ्यांत दोन. ज्यांनीं क्रमांक निवडून घेतले आहेत त्यांना हलविणें अवघड. हमीच्या उतारूला मात्र कोठेंही बसवितां येतें. रंगारी लांकडांतल्या फटी लांबीनें बुजवितो, तसे हे उतारू पटावरच्या फटी बुजविण्याच्या कामीं येतात. भाड्यांतील सूट ही त्या मऊपणाची किंमत होय. तो सौदा अप्रामाणिक नाहीं; फक्त त्यांतील ‘हमी’चा मोठा वांटा कंपनीच्या पदरांत पडतो, हें नांवावरून कळत नाहीं.

‘आयकॉन’च्या २,८०५ खोल्यांत दर खोलीस दोन ह्या हिशेबानें ५,६१० माणसें होतात, परंतु त्या जहाजावर जास्तींत जास्त ७,६०० उतारू राहूं शकतात. कित्येक खोल्यांत सोफ्याची खाट होते, छतांतून आणखी एखादी खालीं येते. धंद्याचा हिशेब मात्र खोलीमागें दोनांचाच धरतात. म्हणून जहाज शंभर टक्क्यांहून अधिक भरलें, असें ऐकावयास चमत्कारिक वाटणारें वाक्य कंपन्यांच्या अहवालांत सरळ छापलेलें असतें. ह्या वाढीव माणसांना एक सक्त मर्यादा आहे. १९१२ सालीं ‘टायटॅनिक’ बुडालें तेव्हां होड्या माणसांस पुरल्या नाहींत, आणि १९१४ सालीं समुद्रावरील सुरक्षिततेचा पहिला आंतरराष्ट्रीय करार झाला. त्या करारांची परंपरा अद्याप चालू आहे. प्रत्येक खोली संकटकाळीं जमावयाच्या एका ठराविक ठिकाणाशीं जोडलेली असते, आणि त्या ठिकाणाची संख्या पूर्ण झाली कीं खोलींत खाट रिकामी असली तरी तिसरें माणूस घेतां येत नाहीं. नातू ऐनवेळीं बरोबर निघाला तर त्याला सामावून घेऊं, हा भरंवसा जहाजाच्या बाबतींत चालत नाहीं. हमीच्या तिकिटावर तर संख्या पहिल्याच दिवशीं पुरी लिहिलेली असली पाहिजे.

हमीचें तिकीट काढणाराच्या मनांत सुटीबरोबर आणखी एक गोड आशा असते : वरची खोली फुकट मिळण्याची. ही आशा निराधार नव्हे. स्वस्त जाती आधीं संपतात. कंपनी त्या जातींत असलेल्या खोल्यांपेक्षां अधिक तिकिटें विकते, आणि मग कांहीं उतारूंना एक पायरी वर चढविल्यावांचून तिला गत्यंतर नसतें. आंतल्या खोलीचे पैसे भरून सज्जाची खोली मिळाल्याच्या कथा ह्याच कारणानें ऐकूं येतात. पण अलीकडे कंपन्यांनीं ह्या वरच्या पायऱ्यांचाही लिलाव मांडला आहे. रॉयल कॅरिबियनची ‘रॉयलअप’ ही त्यांतलीच योजना. वरच्या खोलीसाठीं प्रत्येकानें आपली बोली आधीं कळवावयाची, आणि कंपनीला पटेल ती ती स्वीकारणार. जी गोष्ट पैसे देऊन घ्यावयास लोक तयार आहेत ती फुकट वांटण्याची घाई कोणत्या दुकानदाराला असेल? एवढ्याउपर सारें जहाजच क्षमतेबाहेर विकलें गेलें, तर कंपनी कांहीं उतारूंना सफर पुढें ढकलण्याबद्दल भाड्याची परत आणि वर सवलत देऊं करते. ज्याला रजेचें बंधन नाहीं त्याला तीही पर्वणीच.

इतकें झालें तरी मुख्य प्रश्न उरतोच : ‘वरची’ आणि ‘खालची’ हें ठरविणार कोण? हमींतील शिडी ही कंपनीच्या दरपत्रकाची शिडी आहे. माणसाच्या पोटाची, कानांची आणि गुडघ्यांची शिडी निराळी असते, आणि ह्या दोहोंचा मेळ नेहमींच बसतो असें नाहीं.

लाटांवर जहाज लांब फळीच्या झोक्यासारखें हलतें. टोकें वरखालीं होतात, मध्य त्या मानानें स्वस्थ राहतो. एस. टी.च्या शेवटच्या बाकावर बसून ज्यानें घाट चढला आहे त्याला हें समजावून सांगावयास नको. आधुनिक जहाजांना पाण्याखालीं पंख असतात; त्यांनीं बाजूंचें डोलणें पुष्कळ कमी होतें, परंतु नाळेचें उठणें-आदळणें त्यांना आवरत नाहीं. उंची वाढत जाते तसें डोलणेंही अधिक जाणवतें. म्हणजे खालच्या मजल्यावरील मधोमध असलेली, दरपत्रकांत क्षुद्र ठरलेली खोली ओकारीच्या त्रासाच्या माणसाला स्वर्ग वाटते. आणि मेहेरबानी म्हणून मिळालेली उंचावरची, नाळेकडची सज्जाची खोली त्याला नकोशी होते. कंपनीनें वचन तर तंतोतंत पाळलेलें असतें!

आवाजाचीही तीच तऱ्हा. पोहण्याच्या तलावाखालच्या खोलींत पहांटेपासून खुर्च्या ओढल्याचा खरखराट ऐकूं येतो. नाट्यगृहाच्या किंवा नाचघराच्या डोक्यावरील खोलींत मध्यरात्रीपर्यंत ढोलकें घुमतें. नाळेजवळ पाण्याखालीं आडवे पंखे असतात. जहाज सकाळीं बंदराला लागूं लागलें कीं ते सुरू होतात आणि भोंवतालच्या खोल्यांतील झोंप संपते. दोन खोल्यांना जोडणारें दार मधें असेल तर शेजाऱ्यांचें बोलणें भिंतीपेक्षां त्या दारांतून सहज येतें. ‘क्वीन मेरी २’ ह्या जहाजाच्या आठव्या मजल्यावरील कित्येक सज्ज्यांसमोर जीवरक्षक होड्या टांगलेल्या आहेत. सज्जा आहे, वारा आहे, पण समोर समुद्राऐवजीं होडीचें अंग दिसतें.

खोलीच्या जागेचा हा सोस आजचा नव्हे. इंग्लंडहून सुएझमार्गें मुंबईस येणाऱ्या पी. अँड ओ. कंपनीच्या आगबोटींवर तांबड्या समुद्राच्या उकाड्यांत येतांना डावी आणि परततांना उजवी बाजू सावलीची. म्हणून धनिक लोक ‘पोर्ट आउट, स्टारबोर्ड होम’ अशा खोल्या घेत आणि त्या आद्याक्षरांवरून ‘पॉश’ शब्द निघाला, अशी एक कथा आहे. तसा शिक्का मारलेलें एकही तिकीट आजवर पुढें आलेलें नाहीं आणि कोशकार ही व्युत्पत्ति मानीत नाहींत. पण ज्यांनीं ती रचली त्यांना आगबोटीचा उकाडा चांगला ठाऊक असला पाहिजे.

तेव्हां हमीचें तिकीट कोणी घ्यावें? खोलींत केवळ झोंपण्यापुरतें यावयाचें, समुद्र लागत नाहीं, झोंप गाढ आहे, अशा तरुण जोडप्यानें तें खुशाल घ्यावें. वांचलेल्या पैशांत बंदरावरची एखादी सहल निघेल. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनीं मात्र तें टाळावें. ‘आयकॉन’सारखें जहाज सुमारें ३६५ मीटर लांब असतें, आणि उद्वाहनापासून दूरच्या टोकाची खोली वांट्यास आली तर दिवसांतून तीन-चार वेळां तें अंतर कापावें लागतें. चाकांच्या खुर्चीवर वावरणारांसाठीं रुंद दाराच्या खास खोल्या असतात. त्या हमीच्या तिकिटानें मिळतीलच असें नाहीं, म्हणून त्यांनीं क्रमांकासहच आरक्षण करावें. एका खोलींत मुलगा-सून व दुसरींत सासूसासरे असा बेत असेल, तर हमीच्या दोन तिकिटांना शेजारच्या खोल्या मिळण्याची शाश्वती नाहीं; मजलेही निराळे निघूं शकतात. तिकिटें एकमेकांशीं जोडून देण्याची विनंती करतां येते, पण तिचा उपयोग बहुधा जेवणाचें टेबल एकत्र मिळण्यापुरता असतो. हृदयविकाराच्या वडिलांना रात्रीं कांहीं हवें-नको पाहणारें माणूस चार मजले दूर असणें, ही कांहीं भाड्याच्या सुटींत भरून निघणारी गोष्ट नव्हे.

निर्णय करण्यापूर्वीं एक साधी तुलना करावी. त्याच जातींतली सर्वांत स्वस्त, क्रमांकासहची खोली केवढ्याला आहे हें पाहावें. कित्येकदां दोहोंत फरक नांवालाच असतो, आणि मग आपला हक्क फुकट सोडण्यांत शहाणपण नाहीं. नंतर जहाजाचा मजलेवार नकाशा समोर घेऊन, आपल्या जातींतली सर्वांत वाईट खोली कोणती तें शोधावें. तींत सात रात्री काढण्याची तयारी असेल तरच हमीचें तिकीट परवडलें. कारण क्रमांक एकदां ठरला कीं तो नापसंत म्हणून बदलून मिळत नाहीं.

क्रमांक यावयाचा राहिला असेल तर सामानाच्या चिठ्ठ्याही त्याच्यावांचूनच छापल्या जातात. अशा वेळीं धक्क्यावर बॅगा हवालीं करण्यापूर्वीं क्रमांक विचारून तो चिठ्ठीवर लिहून घ्यावा. आणि खोली खरोखरच सोसवेना, तर पहिल्याच संध्याकाळीं उतारूंच्या चौकशीच्या खिडकीशीं जाऊन नांव नोंदवावें. न आलेल्या उतारूंच्या किती खोल्या रिकाम्या राहिल्या, हें जहाज सुटल्यावरच तेथल्या कारकुनाला कळतें.