औषधाच्या पट्टीवरचं मूळ नाव वाचा

घरातल्या ज्येष्ठांचा औषधांचा डबा आज एकदा उघडून बघा. फॅमिली डॉक्टरांनी रक्तदाबाची एक गोळी दिलेली असते, हॉस्पिटलमधून घरी सोडताना दुसरी मिळते. नावं निराळी, रंग निराळे; पण कधी कधी दोन्ही पट्ट्यांवर मूळ औषध एकच निघतं, ॲम्लोडिपिन. दोन्ही घेतल्या की डोस वाढतो, पाय सुजू शकतात, चक्कर येऊ शकते.

म्हणून ब्रँडच्या नावासोबत मूळ औषधाचं नावही बघा. एकच औषध असलेल्या गोळ्यांच्या पट्टीवर ते ब्रँडच्या नावापेक्षा मोठ्या अक्षरांत छापण्याचा नियम २०१८ पासून लागू आहे. इंग्रजी वाचता येत नसेल, तर औषधाच्या दुकानात प्रत्येक पाकिटावर मराठीत लिहून घ्या: कशासाठी, किती वाजता, जेवणाआधी की नंतर.

तपासणीला जाताना सगळ्या पट्ट्या सोबत न्या. नुसती मान डोलावून उठू नका. “डॉक्टर, ही सकाळी आणि ती रात्री घ्यायची, बरोबर ना?” असं आपल्या शब्दांत सांगा, गैरसमज तिथेच दूर होईल. आणि कोणतीही गोळी मनाने बंद करू नका, आधी डॉक्टरांना विचारा. विचारण्यात कसलाही कमीपणा नाही. तो तुमचा हक्क आहे.